भाऊजींचं आग गिळणारं इंजिन

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊजींना, निवृत्तीनंतर यंत्रांचा छंद लागला. त्याआधी पस्तीस वर्षं ते सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढत होते. त्या काळात त्यांनी स्वतःच्या हातानं एखादा स्क्रू कसला असेल, तर तो चष्म्याच्या काडीचा. ती काडीही शेवटी ताईनं दोऱ्यानं बांधली.

छंदाचं मूळ मोबाईलमध्ये होतं. गंजलेली कुऱ्हाड, गंजलेला अडकित्ता, गंजलेलं काहीही घ्यायचं, आणि काळे हातमोजे घातलेले दोन हात एक शब्द न बोलता वीस मिनिटांत त्याचा आरसा करतात, असले व्हिडिओ. भाऊजी ते जेवतानासुद्धा बघायचे. मग त्यांनी काळे हातमोजे मागवले. हातमोजे आधी आले, यंत्र नंतर.

यंत्र मिळालं गोल बाजारामागच्या गल्लीतल्या एका कबाड्याकडे, भंगारात. वीतभर लांब, बिडाची बैठक, तिच्यावर पितळेचं नळकांडं, नळकांड्यात दट्ट्या, बाजूला एक जड चाक आणि पुढे स्पिरिटचा चिमुकला दिवा. जुन्या काळात हौशी लोक दिवाणखान्यात ठेवायचे तसलं खेळण्यातलं व्हॅक्युम इंजिन. गंजलेलं होतं, पण पुरं होतं. एक तुकडाही हरवलेला नव्हता. पुढे भाऊजींच्या हातात सात महिने राहूनही हरवला नाही, एवढं श्रेय मी त्यांना देते.

मी इथल्या, हिंदी मुलखातल्या, एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं तंत्रज्ञ आहे. भाऊजी नातेवाइकांत माझी ओळख "कॉलेजात बाटल्या धुते" अशी करून देतात. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत धुवायला बाटल्या नसतात, हे त्यांना इतक्या वर्षांत कळलेलं नाही. त्यामुळे इंजिन आणल्यावर त्यांनी मला काही विचारलं नाही. फक्त घरच्या ग्रुपवर फोटो टाकत राहिले. इंजिन समोरून, मागून, खालून, सुटं, तुकड्यातुकड्यांत, वर्तमानपत्रावर. मी तो ग्रुप केव्हाच मुका करून ठेवला होता. आठवड्यातून एकदा उघडायची आणि न बघता चार-पाच अंगठे टाकून बंद करायची.

सात महिन्यांनी, मे महिन्यात, ताईचा फोन आला.

"छोटी, येजो वं जरा रविवारी. ते इंजिन चालून नाही राहिलं, आन हे जेवून नाही राहिले."

"मले काहून बोलावते? त्यांचे व्हिडिओवाले हात कुठं गेले?"

"ये म्हटलं ना."

गेले. पुरानी बस्तीतून सदर बाजारातली कोंडी पार करून ताईच्या नव्या वसाहतीतल्या फ्लॅटवर पोचेपर्यंत स्कूटीची सीट तव्यासारखी तापली होती. दार उघडलं तर समोरच टीपॉयवर, काळ्या ग्रॅनाइटच्या तुकड्यावर, इंजिन. मला ओळखूच येईना. बैठकीला मोटारीसारखा हिरवा रंग, चाकाला लाल, पितळेवर सोनेरी चकाकी आणि त्यावर लाखेचा पारदर्शक थर. वरातीतली घोडी बरी दिसते. भाऊजी बाजूला उभे होते. हातमोजे घातलेले.

"पाहा सालीबाई," ते म्हणाले. त्यांनी दिवा पेटवला आणि चाकाला बोटानं फिरकी दिली. चाक चार वेळा फिरलं आणि थांबलं. "पाह्यलं? सगळं बरोबर आहे. फक्त चालून नाही राहिलं."

मी म्हटलं, "आधी पंखा बंद करा."

डोक्यावर पंखा गरगरत होता आणि दिव्याची ज्योत आडवी होऊन ग्रॅनाइट चाटत होती. या इंजिनाला ज्योत थेट तोंडाशी लागते. पंखा बंद झाला, खोलीत भट्टी पेटली, ताई पदरानं वारा घेत स्वयंपाकघरात निघून गेली. भाऊजींनी पुन्हा फिरकी दिली. पुन्हा चार फेरे.

"हे कसं चालते, माहीत आहे का तुम्हाले?" मी विचारलं.

"त्यात काय माहीत असायचं! आग लागते, गरमीनं दट्ट्या ढकलल्या जाते."

सात महिने! सात महिने माणूस एका यंत्राला कुरवाळत होता आणि ते काय करतं हे त्याला ठाऊक नव्हतं. मी समजावून सांगितलं. आग ढकलत नाही. दट्ट्या बाहेर येताना नळकांड्याच्या तोंडाचं भोक उघडं असतं, त्यातून ज्योत आत ओढली जाते. मग एक पट्टी सरकून भोक बंद होतं. आतली तापलेली हवा निवते, आक्रसते, आत पोकळी होते, आणि बाहेरची हवा दट्ट्याला आत लोटते. जोर आगीचा नाही, बाहेरच्या हवेचा. त्यातला एवढासा जोर वाया गेला, की संपलं.

"म्हंजे आग गिळते," भाऊजी म्हणाले.

"हो. आणि तुम्ही तिचं नरडं बंद केलं असेल. आणा तो पेचकस, स्क्रू खोलायला."

फिरकी देताना ते चाकाचा वरचा भाग स्वतःकडे ओढत होते. मी म्हटलं, "आन उलटं काहून फिरवता?"

"उलटं?" ते जरा गडबडले. "मी तर असंच फिरवून राहिलो. बाण होता बहुतेक त्याच्यावर कुठंतरी."

"पंख्याच्या खोक्यावर असेल," मी म्हटलं. "स्क्रू कसा कसतो आपण? घड्याळाच्या काट्यासारखा. चाक तसंच फिरते."

हे मी कशाच्या आधारावर म्हटलं, मला आजही सांगता येत नाही. भाऊजींनी इकडे म्हटलं की मी तिकडे म्हणायचं, अशी तीस वर्षांची सवय, दुसरं काय. त्यांनी मान हलवली. पेचकस माझ्या हातात होता, त्यामुळे तज्ज्ञ मी होते.

नळकांडं उघडलं. आत पिवळं, घट्ट, चिकट काहीतरी ठासून भरलेलं.

"हे काय?"

"ग्रीस. बेअरिंगचं. घासू नये म्हणून."

काही चुका इतक्या सर्वांगसुंदर असतात की त्यांच्यावर बोलणं म्हणजे त्यांना हात लावून खराब करणं. या इंजिनाचं आतलं अंग कोरडं आणि स्वच्छ लागतं. फार तर पेन्सिलीतल्या शिशाची चिमूटभर पूड. थेंबभर जाड तेलानंही ते अडखळतं, आणि इथं दट्ट्या लोण्यात रुतलेल्या बोटासारखा बसला होता. तो सगळा रविवार नळकांडं पेट्रोलनं धुण्यात गेला. भाऊजी शेजारी बसून चिंध्या फाडत होते. त्यांनी हातमोजेसुद्धा काढले नाहीत.

दुसऱ्या रविवारी ती सरकणारी पट्टी पाहिली. ही पट्टी काचेसारखी सपाट हवी, तरच भोकावर घट्ट बसते. भाऊजींनी तिला चमकवायच्या चाकावर धरून कडा गोल केल्या होत्या आणि वर लाखेचा हात मारला होता. लाख तापली की चिकटते. म्हणजे पट्टी एकीकडे गळत होती आणि दुसरीकडे चिकटत होती. एकाच तुकड्यात दोन्ही विरुद्ध दोष एकदम आणायला प्रतिभा लागते.

"चमकली किती पण!" भाऊजी म्हणाले.

ताईनं जुन्या फोटोच्या चौकटीची काच काढून दिली. तिच्यावर पितळ घासायची पेस्ट टाकून मी पट्टी घासत बसले. आठाच्या आकड्यासारखी, न दाबता, सगळीकडून सारखी. दोन तास. भाऊजींची चमक गेली आणि खाली राखाडी, मंद, सपाट धातू दिसू लागला. त्यांचा चेहरा असा पडला, जणू मी त्यांच्या लेकीचे केस कापतेय. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

तिसऱ्या रविवारी सगळं जोडलं. भोकावर अंगठा ठेवून चाक हलवलं, तर अंगठ्याची कातडी आत ओढली गेली. गळती बंद. अंगठ्यावर लाल वण उठला तो मी ताईला बोलावून दाखवला.

"आता पाहा," मी म्हटलं.

पंखा बंद. दिवा पेटला. ज्योत सरळ. मी माझ्या म्हणण्याप्रमाणे चाक पुढे लोटून फिरकी दिली. दीड फेरा झाला आणि चाक थांबलं. थांबलं एवढंच नाही, तर कुणी मागून पदर ओढावा तसं जरा मागे आलं.

पुन्हा दिली. दीड फेरा.

भाऊजी सोफ्यावरून पुढे वाकले. आवाजात अगदी खरी काळजी होती, म्हणूनच ते जास्त झोंबलं. "आधी चार फेरे तरी मारत होतं वं."

मी दिवा जवळ सरकवला, मग लांब. वात बदलली, देवघरातली फुलवात उलगडून घातली. स्पिरिटमध्ये पाणी असेल म्हणून दुसरी बाटली मागवली. नळकांडं तापू दिलं, थंड होऊ दिलं. दोन तास त्या बंद खोलीत, घामानं पाठ चिकटलेली, आणि चाक दर वेळी दीड फेऱ्यावर येऊन थांबायचं. ताईनं एकदा दारातून विचारलं, "पंखा लावू का पाच मिनिटं?" तिच्यावर मी खेकसले.

शेवटी पेचकस टाकला आणि भाऊजींना म्हटलं, "तुम्ही मूळ इंजिनच मारून टाकलं. रंगरंगोटी करायला भिंत होती का ती? काही येत नाही तर हात काहून लावता?"

भाऊजींनी एकेक बोट ओढत हातमोजे काढले आणि घडी करून टीपॉयखाली ठेवले. ताई एरवी लिफ्टपर्यंत सोडायला येते. त्या दिवशी दार लावून घेतलं.

मंगळवारी प्रयोगशाळेत मुलांचा तास संपल्यावर मी डबा खात होते. समोर सामानात एक मोठी सिरिंज पडली होती. उगाच हातात घेतली, तोंडावर बोट दाबलं आणि दट्ट्या बाहेर ओढला. सोडला तर फट्कन आत गेला. पुन्हा ओढला. आत गेला. पोळीचा घास तसाच राहिला.

गळकं इंजिन चार फेरे फिरत होतं आणि घट्ट केलेलं दीड. म्हणजे मी घट्ट केली ती पोकळी चाकाला फिरवत नव्हती, अडवत होती. म्हणजे दट्ट्या बाहेर येतानाच भोक बंद होत होतं, याच सिरिंजसारखं. आग आत जायच्या वेळी दार बंद, आणि बंद व्हायच्या वेळी उघडं. सगळं उलट.

पट्टी हलवणारा तुकडा भाऊजींनी उलटा बसवला असणार, हा माझा पहिला विचार. मोठा आनंदाचा विचार होता तो. तो आधी कसा होता हे बघायला मी मोबाईल काढला, ग्रुप उघडला आणि सात महिने मागे गेले. सुप्रभात, वाढदिवस, कुणाचं तरी बाळ, सुप्रभात, इंजिन, इंजिन. तुकडा प्रत्येक फोटोत जसा होता तसाच आत्ता होता. त्यांनी तो अगदी बरोबर बसवला होता.

मग पहिल्याच दिवसाचा फोटो आला. गंजलेली बैठक, जवळून. चाकाच्या खाली बिडातच कोरलेला, बोटाच्या पेराएवढा, स्पष्ट बाण. भाऊजी फिरवत होते त्या दिशेला. आणि फोटोखाली माझा अंगठा.

मी डबा बंद केला. कान तापले होते. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं तरी मी इकडेतिकडे पाहिलं. मग मी काय केलं असेल? यात भाऊजींची चूक कुठे सापडते ते शोधायला लागले. आणि सापडली. त्यांनी बैठकीवर मोटारीची पुट्टी मारली होती. लोखंडातला प्रत्येक खळगा म्हणजे गंजानं खाल्लेली जागा, असं समजून त्यांनी तो बाण बुजवून वर हिरवा रंग दिला होता. किती हायसं वाटलं मला! एवढं हायसं वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं.

चौथ्या रविवारी मी न बोलावता गेले. ताईनं दार उघडलं, पाणी दिलं आणि आत निघून गेली. इंजिन टीपॉयवरून हललं होतं. टीव्हीखालच्या फळीवर, वर रुमाल टाकून.

"पुट्टी खरवडायची आहे," मी भाऊजींना म्हटलं. "चाकाखालची."

त्यांनी स्वतः इंजिन आणून ठेवलं. मी पेचकसाच्या टोकानं हिरवा रंग उकरला. आधी बाणाचं टोक निघालं, मग दांडा. भाऊजी चष्मा वर करून बघत होते.

"मी म्हटलं होतं ना, बाण होता म्हणून."

"म्हटलं होतं, तर बुजवला काहून?"

मला वाटलं, आता ते भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं, मी तयारीनं आले होते. पण ते म्हणाले, "हो, ते चुकलंच माझं." आणि उठून पंखा बंद करून आले.

दिवा लावला. "तुम्हीच फिरवा," मी म्हटलं. एवढंच माझ्यानं झालं. भाऊजींनी चाकाचा वरचा भाग स्वतःकडे ओढला. चाक दोनदा फिरलं, तिसऱ्यांदा रेंगाळलं, आणि मग ज्योत वाकली. सरळ उभी ज्योत एकदम कमरेत मोडली, भोकात शिरली, पट्टी टप्कन बसली. पुन्हा ज्योत उभी, पुन्हा वाकली, टप्. मग टप् टप् टप्. चाकाचे आरे दिसेनासे झाले आणि टीपॉयवरचा पेला बारीक किणकिणायला लागला.

ताई कणकेच्या हातानं येऊन उभी राहिली. इंजिन बराच वेळ चाललं, मग स्पिरिट संपलं आणि हळूहळू थांबलं. "अजून एकदा," भाऊजी म्हणाले, आणि आम्ही अजून पाच वेळा केलं. त्या पाच वेळांत मी एकदाही काही टाकून बोलले नाही. बहुतेक विसरले असेन.

पुढच्या आठवड्यात त्यांनी इमारतीतल्या लोकांना चहाला बोलावलं. इस्त्रीचा कुर्ता, काळे हातमोजे, सगळा थाट. खालच्या मजल्यावरचे निवृत्त गुरुजी आले, दोन-तीन जोडपी आली. पंखा बंद केल्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले, पण इंजिन चालू झालं तशी मोबाईल वर झाले. भाऊजींचं भाषण होणार हे मला माहीत होतं. मी ओठ आवळून तयार बसले होते.

"चलाया मेरी साली ने," भाऊजी म्हणाले. "कॉलेज में मशीन का काम करती है, बहुत दिमागवाली है. मैंने तो सिर्फ रंग लगाया, और वो भी गलत जगह लगाया."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे बघून. आता एक वाक्य मला म्हणायचं होतं: दिशा यांनी पहिल्याच दिवशी सांगितली होती, मी ऐकली नाही. मराठीत म्हणा, हिंदीत म्हणा, दहा शब्दही नाहीत. मी उठले आणि ताईला मदत करायला म्हणून स्वयंपाकघरात गेले.

ताई पोह्यांवर कोथिंबीर टाकत होती. मान वर न करता म्हणाली, "पहिल्याच रविवारी यांनी सांगतलं होतं तुले, बाण होता म्हणून. मी इथंच उभी होती."

"मले माहीत आहे."

"मंग म्हटलं असतं बाहेर, तर जीभ झिजली असती का तुही?"

"हो," मी म्हटलं. "झिजली असती."

ताईनं माझ्याकडे बघितलं. तीस वर्षं ती आम्हा दोघांच्या मध्ये उभी राहून हेच बघत आलीय. तिला नवीन काहीच नव्हतं. तिनं बशा माझ्या हातात दिल्या. "ने बाहेर. थंडे होतात."

बाहेर इंजिन थांबलं होतं आणि पंखा पुन्हा सुरू झाला होता. गुरुजी वाकून, हात मागे बांधून, बैठकीवरचा तो उकरलेला बाण बघत होते. मी जवळ गेल्यावर त्यांनी विचारलं, "दीदी, इसमें खराबी क्या थी?"

मी भाऊजींकडे पाहिलं. ते हसत होते, माझ्या उत्तराची वाट बघत, अगदी निर्धास्त.

"पुट्टी," मी म्हटलं.

"हव," गुरुजी समजल्यासारखी मान हलवून म्हणाले, आणि मी पोह्यांची बशी त्यांच्यापुढे धरली.